भाच्याची तबकडी

परवा माझा भाचा मुंबईहून आला. कॉलेज रोडवरच्या मित्राला द्यायची म्हणून पिशवीत एक काळी तबकडी होती. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या पंक बँडचा २०२२ सालचा अल्बम. हा बँड १९७६ पासूनचा! गायक पीट शेली २०१८ साली गेले, पण स्टीव्ह डिगल यांनी बाकीच्यांना घेऊन नवी गाणी केली.

पंक म्हणजे काय, ते भाच्यानेच समजावलं. कमावलेला गळा नको, थोडीफार गिटार आली तरी पुरे, मनातला राग मोकळा करायचा. (आमच्या गाण्याच्या बाईंनी कानच धरला असता.) पण मला आवडली ती १९७७ च्या जानेवारीतली गोष्ट. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता या पोरांनी घरच्यांकडून, मित्रांकडून पाचशेक पौंड उसने घेतले आणि चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. प्रती फक्त हजार, कारण तेवढेच पैसे! त्या संपल्यावर पुन्हा छापाव्या लागल्या. आता असे जुने बँड मुद्दाम मोजक्याच प्रती काढतात आणि लोक त्यासाठी धावतात.

आपल्याकडे पंक फारसं रुजलं नाही, पण मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ निघालं. दुसऱ्यांची इंग्रजी गाणी वाजवण्याच्या त्या दिवसांत या पोरांनी स्वतःची गाणी रचली. १९८८ साली त्यांची पहिली एलपी आली. पुढे नाव बदलून ते ‘इंडस क्रीड’ झाले, १९९७ साली फुटले, २०१० साली पुन्हा जमले आणि २०१२ साली नवा अल्बम काढला.

ती १९८८ ची एलपी भाच्याने तेव्हा खाऊचे पैसे साठवून घेतली होती आणि सुट्टीत आमच्याकडे ठेवून गेला होता.

“मावशी, ती आहे का गं अजून?”

काय सांगणार? कॅसेटचा जमाना आला तेव्हा घर आवरताना आमच्या नाट्यगीतांबरोबर तीही मीच भंगारवाल्याला दिली. त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. शाळेत मुलांच्या वह्या जपून ठेवणारी मी! तो काही बोलला नाही, चहा प्यायला. मग म्हणाला, मुंबईकडे २०२४ साली तबकड्या छापायचा कारखाना पुन्हा सुरू झालाय, कोण जाणे, निघेलही परत.

बझकॉक्सची तबकडी खिडकीशी धरून आम्ही नुसत्या रेघा पाहिल्या. प्लेअरही त्याच भंगारात गेला होता.