कबुलीची कुळकथा

रविवारी जालन्याच्या चर्चमध्ये भक्ती सुरू झाली की थोड्याच वेळात पापांगीकाराची पाळी येते. माना खाली जातात आणि काया-वाचा-मने घडलेल्या चुका सगळी मंडळी एका सुरात कबूल करते. पाळक क्षमेचं आश्वासन देतात आणि गीत सुरू होतं. सगळा प्रकार दोन-तीन मिनिटांत आटोपतो. कोणाचं नाव निघत नाही, की कोणी काय केलं हेही निघत नाही. कबुलीचं हे आटोपशीर रूप मूळचं नव्हे. ते घडायला अठरा-एकोणीस शतकं लागली, आणि तेवढ्या प्रवासात तिच्यातला अर्धा भाग वाटेतच राहिला.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांचं ‘दिदाखे’ नावाचं एक शिकवणीचं पुस्तक आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. रविवारी भाकर मोडण्याआधी आपले अपराध कबूल करावेत असं ते सांगतं. पण त्याला जोडूनच आणखी एक अट घालतं: ज्याचं सोबत्याशी भांडण आहे, त्याने ते मिटेपर्यंत पंगतीला येऊ नये. म्हणजे देवापुढची कबुली आणि शेजाऱ्याशी समेट ही तिथे एकाच कामाची दोन अंगं होती.

पुढे मंडळ्या वाढल्या तसे नियम कडक झाले. खून, व्यभिचार, छळाच्या भीतीने श्रद्धा नाकारणं अशा मोठ्या पापांसाठी माणसाला गोणपाट नेसून, अंगाला राख फासून चारचौघांत उभं राहावं लागे, आणि तेही आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा घसरला तर दार बंद. परिणाम व्हायचा तोच झाला. पुष्कळांनी बाप्तिस्माच लांबणीवर टाकला. सम्राट कॉन्स्टन्टाइनने तो 337 मध्ये मरणशय्येवर घेतला. हिशेब चोख होता, भक्ती किती होती ते देवाला ठाऊक.

यातून सुटका केली आयर्लंडच्या मठवासीयांनी. सहाव्या शतकापासून त्यांनी खासगी, हवी तितक्यांदा करता येणारी कबुली रूढ केली. त्यासाठी त्यांनी ग्रंथ रचले, त्यांत अमुक पापाला इतके दिवस भाकर-पाण्यावर उपास, तमुक पापाला इतकी वर्षं, असे दरच लावून दिलेले आहेत. आपल्या धर्मशास्त्रातल्या प्रायश्चित्तप्रकरणांशी ओळख असलेल्याला ते वाचताना परकं वाटत नाही. दोन्हीकडे पुढे तेच झालं: उपासाऐवजी दान देता येऊ लागलं, आणि ज्याच्याकडे पैसा त्याचं पाप हलकं झालं.

1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी कबुली देणं प्रत्येक प्रौढाला बंधनकारक केलं. तेव्हाही धर्मगुरू उघड्यावरच खुर्ची टाकून बसत. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी 1577 च्या आपल्या सूचनांत मधली लाकडी आडभिंत, तिच्यातली जाळी, बसण्याची नि गुडघे टेकण्याची जागा यांचा तपशील ठरवून दिला. बायका आणि धर्मगुरू यांच्यातल्या जवळिकीची कुजबुज थांबावी, हा त्यामागचा एक व्यवहारी हेतू. पापी माणसाचं तोंड झाकायला म्हणून ही कबुलीची पेटी आली नव्हती, पण तो उपयोग लोकांना लगेच उमगला.

पोर्तुगिजांबरोबर ही कबुली गोव्यात आणि वसईत आली. तिच्या मागोमाग 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनही आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत राहिलं. तिथेही अपराध कबूल करायला लावत, पण कोठडीत. दोन्हींना एकच शब्द वापरला जातो, एवढ्यावरून त्यांना एका कुळातलं समजू नये. भीतीने वदवून घेतलेल्या कबुलीत क्षमेला जागा उरत नाही.

जालन्याला मात्र ही कबुली गोव्याच्या वाटेने आली नाही. तिची वाट स्कॉटलंडहून येते. तिथल्या सुधारलेल्या चर्चने पेटी मोडीत काढली आणि पश्चात्तापाचा स्टूल आणला. व्यासपीठासमोर उंच जागी, सगळ्या गावाला दिसेल असा. व्यभिचार, दारू, शब्बाथाचा भंग असल्या अपराधांसाठी वडीलमंडळ माणसाला ओळीने काही रविवार उपदेश ऐकायला उभं करी. कवी रॉबर्ट बर्न्सलाही 1786 मध्ये तीन रविवार असं जाहीर खडसावून घ्यावं लागलं. आपल्या जातपंचायतीचीच ही चुलत बहीण. फरक एवढाच की शेवटी क्षमा जाहीर होई आणि माणूस पुन्हा आपल्या बाकावर जाऊन बसे.

या चर्चच्या मिशनऱ्यांकडे मुंबईत शिकलेले नारायण शेषाद्री यांनी सप्टेंबर 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला. घर ब्राह्मणाचं. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारा वर्षांच्या आसपास, हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील सुप्रीम कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. खरं प्रकरण त्यानंतर पेटलं. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या, जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं कसं? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावं या बाजूने उभे राहिले आणि त्यापायी सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. त्या पोराने कोणाचं काही चोरलं नव्हतं, कोणाला फसवलं नव्हतं. तरी दोष त्याच्यावर होता आणि तो अन्नाचा होता. अर्धशतकानंतरही मामला फारसा बदलला नाही. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, 1892 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं आणि टिळकांनी आपण ते काशीत घेतल्याचं सांगितलं. रानड्यांसारख्या माणसाला एका पेल्यासाठी हे करावं लागलं, आणि खोट्या दस्तऐवजावर गरिबाची जमीन खाणाऱ्या सावकाराला मात्र जातीने कधी ग्रामण्यात ओढलं नाही.

थोरले नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि 1860 नंतर त्यांनी आपलं काम निजामाच्या हद्दीतल्या जालन्यात हलवलं. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. वस्तीला आले ते बहुतेक मांग आणि महार समाजातले. हे नीट लक्षात घ्यावं लागतं. गावात चोरी झाली की ज्यांच्या वाड्यावर आधी संशय जायचा, त्यांना इथे पापाबद्दल विचारलं जात होतं. पण त्यांच्याबरोबर तोच प्रश्न जन्माने ब्राह्मण असलेल्या पाळकालाही होता. जन्माचा कलंक आणि केल्या कर्माचा दोष या दोन गोष्टी इथे वेगळ्या झाल्या. माझ्या मते या कुळकथेतलं मराठी मुलखाने घातलेलं हेच खरं नवं पान.

गावाचं नावही विचार करायला लावणारं. बायबलमधलं बेथेल हे याकोबाने नाव दिलेलं ठिकाण. भावाला फसवून पळालेला हा माणूस तिथे दगड उशाला घेऊन झोपला, स्वप्नात देवदर्शन झालं. पण गोष्ट तिथे संपत नाही. वर्षांनी परतताना तो शेळ्या-मेंढ्या, उंट, गाई असे कळपच्या कळप पुढे धाडतो आणि मग त्या भावाच्या, एसावाच्या समोर सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. देवाने आधीच जवळ केलेल्या माणसालाही भावाकडे जावंच लागलं.

देवापुढच्या कबुलीबरोबर माणसाकडेही जावं लागतं, ही आठवण अधूनमधून उसळून येते. 1904 च्या वेल्समधल्या जागृतीत लोकांनी जुनी देणी फेडली, चोरलेल्या वस्तू परत केल्या. तिच्या बातम्या ऐकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेचे गट सुरू केले आणि जून 1905 मध्ये तिथल्या मुलींनी रडत, मोठमोठ्याने आपापले दोष सांगितले. पण उसळी ओसरते आणि नित्याची पद्धत उरते. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात इंग्लिश आणि स्कॉटिश परंपरेच्या मंडळ्या एक झाल्या. इंग्लिश प्रार्थनापुस्तकात 1552 पासून असलेली सामुदायिक कबुली रूढ राहिली; स्टूल तर आधीच गेला होता. तो गेला हे बरंच झालं. त्यावर बहुधा गरीब आणि बायकाच उभ्या राहत.

जुन्या समेटाचा अवशेष मात्र भक्तीत अजून आहे: प्रभुभोजनाआधी शेजाऱ्याला शांतीचं अभिवादन करतात. ते करायचं असतं शेजारच्या बाकावरच्याला. बांधावरून ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो भाऊबंद चार बाकं सोडून पलीकडे बसलेला असतो. म्हणून चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिट्यांनी प्रभुभोजनाच्या आधीच्या रविवारी एवढंच जाहीर करावं: हातउसने, वजनातली खोट, अडकवून ठेवलेली मजुरी, बांधाचा तंटा, जे ज्याचं असेल ते या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन मिटवा. नवा नियम करायला नको, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली तेविसावी आणि चोविसावी ओवी हेच सांगतात.