युनिबॉडी मोटारीच्या आधारगजांची कुळकथा

प्रचंड अश्वशक्तीच्या मोटारीच्या तळाशी वेल्ड केलेले लांब गज, इंजिनावरून जाणारा आडवा दांडा आणि दाराखालच्या उंबऱ्याच्या टोकांशी दडवलेल्या पोलादी पेट्या हे सारे शर्यतवाल्यांनी वेगापायी शोधून काढले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात यांपैकी बहुतेक भाग छप्पर काढून टाकलेल्या मोटारींसाठी किंवा खडबडीत रस्त्यांसाठी घडवले गेले आणि बलाढ्य इंजिनांच्या वाट्याला ते वारशाने आले.

युनिबॉडी म्हणजे ज्या मोटारीला वेगळी चासी नसते आणि जिचा पत्र्याचा सांगाडाच इंजिन, चाके व प्रवासी यांचा भार वाहतो अशी मोटार. भारतात हिलाच मोनोकॉक म्हणतात, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी याच घडणीची होती. तूरिनच्या विन्चेन्झो लान्चा यांची 1922 सालची लान्चा लॅम्डा ही या कुळातील पहिली महत्त्वाची मोटार. ती उघडी असूनही टिकली, कारण तिच्या बाजूच्या भिंती खोल होत्या आणि आसनांमागचे आडवे पडदेही भार वाहत होते. पुढे फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने पोलादी पत्रे दाबून घडवण्याचे आणि बिंदू-वेल्डिंगने, म्हणजे थोड्या थोड्या अंतरावर टाके घातल्यासारखे, जोडण्याचे तंत्र पक्के केले. त्याच्या मदतीने सित्रोएनची 1934 सालची ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ मोठ्या संख्येने बनली, आणि 1960 च्या वर्षात क्रायसलरने इम्पीरियल वगळता आपल्या सर्व मोटारी या पद्धतीवर आणल्या.

येथे बळकटी आणि ताठपणा या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे. सांगाडा किती भाराखाली तुटतो किंवा कायमचा वाकतो, हा बळकटीचा प्रश्न. न तुटता तो किती लवतो किंवा पिळतो, हा ताठपणाचा. पिळाला होणारा विरोध एका टोकाला एक अंश वळवण्यासाठी किती न्यूटन-मीटर आघूर्ण लागते यावरून मोजतात. रुडॉल्फ ब्रेट या जर्मन अभियंत्याने 1896 साली मांडलेल्या सूत्रानुसार पातळ पत्र्याच्या बंद नळीचा पिळाविरुद्धचा ताठपणा तिने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तीच नळी लांबीच्या दिशेने चिरली की तो कोसळतो. सुमारे 50 मिलिमीटर व्यासाच्या आणि 2 मिलिमीटर जाडीच्या नळीत ही घट चारशे पटींहून अधिक भरते. काडेपेटीतला उघडा खण बोटांनी सहज पिळता येतो, पण तोच आवरणात सरकवला की ताठ होतो. मोटारीचे छप्पर त्या आवरणाचे काम करते, आणि ते काढले की उरलेला तळ एकाएकी दुबळा पडतो.

म्हणूनच 1964 च्या एप्रिलमध्ये अवतरलेल्या फोर्ड मस्टँगच्या उघड्या टपाच्या प्रकाराला दाराखालचे उंबरे अधिक मजबूत आणि त्यांना पुढच्या तुळयांशी सांधणाऱ्या ‘टॉर्क बॉक्स’ नावाच्या बंद पेट्या द्याव्या लागल्या. हीच युक्ती क्रायसलरने उचलली ती मात्र इंजिनासाठी: 1966 पासून विक्रीस आलेल्या 425 अश्वशक्तीच्या हेमी इंजिनाचा जोर पेलण्यासाठी पुढे त्या इंजिनाच्या बंद छपराच्या मोटारींनाही उघड्या मोटारींसारख्याच पेट्या बसू लागल्या.

मस्टँगची खरी अडचण तिच्या पूर्वजात होती. तिचा तळ ज्या 1960 च्या फाल्कन मोटारीवरून घेतला होता, ती 90 अश्वशक्तीच्या सहा सिलिंडर इंजिनाची, काटकसरीने बांधलेली कौटुंबिक मोटार होती. तिच्या पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा वरच्या भुजेवर बसत आणि सगळा धक्का इंजिनाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या पत्र्याच्या मनोऱ्यांवर जाई. खड्ड्यांच्या रस्त्यावर हे मनोरे आत झुकत आणि त्यांना तडे जात. परदेशी पाठवायच्या मोटारींसाठी फोर्डने दोन्ही मनोऱ्यांना केबिनपुढच्या पत्र्याशी बांधणारा एकसंध पट्टा काढला, त्याला आजही ‘एक्स्पोर्ट ब्रेस’ म्हणतात. तर दोन मनोऱ्यांमधल्या सरळ दांड्याला ज्या मॉन्टे कार्लो रॅलीचे नाव मिळाले, तिच्यात 1964 साली बो ल्युंगफेल्ट यांनी फाल्कनवर दुसरा क्रमांक मिळवला होता. कॅरोल शेल्बी यांनी मस्टँगवरच बेतलेल्या 1965 च्या जीटी 350 मध्ये इंजिन 271 वरून 306 अश्वशक्तीवर नेले, तेव्हा हे दोन्ही भाग त्यांना आयतेच मिळाले.

इंजिनाची ताकद मात्र मनोऱ्यांपेक्षा मधल्या भागाला अधिक छळते. जोरात सुटताना इंजिनाच्या फिरण्याची प्रतिक्रिया मोटारीचा पुढचा डावा कोपरा उचलते, आणि त्याच वेळी मागच्या अखंड आसाचे उजवे चाक हलके होऊ पाहते. सांगाडा ताठ असेल तर ही प्रतिक्रिया मागपर्यंत पोहोचून त्या उजव्या चाकाला जमिनीवर दाबते. तो लवचीक असेल तर ती पुढेच विरते, चाक घसरते, आणि पिळाचा सगळा त्रास छपराच्या खांबांच्या मुळाशी पत्र्यावर सुरकुत्यांच्या रूपाने उमटतो. पुढच्या आणि मागच्या तुळयांमध्ये, जिथे केवळ जमिनीचा पत्रा असतो, तिथे घालायचे ‘सबफ्रेम कनेक्टर’ हे गज यावरचा उपाय म्हणून रुळले. 1967 च्या कॅमारो मोटारीत तर पुढचा उपसांगाडा नटबोल्टनेच जोडलेला असल्याने ही दरी उघड दिसते.

या गजांनी जुनी चासी परत आणली असे म्हणण्याची प्रथा आहे, परंतु ते म्हणणे अर्धेच खरे आहे. दोन समांतर गज वाकण्याला उत्तम विरोध करतात, पिळाला मात्र फारच थोडा. जुन्या शिडीसारख्या चासीचीही हीच उणीव होती. पिळ रोखायचा तर गज सलग जमिनीच्या पत्र्याला वेल्ड केले पाहिजेत आणि आडव्या-तिरप्या पट्ट्यांनी उंबऱ्यांशी बांधले पाहिजेत, म्हणजे बंद क्षेत्र वाढते. टोकांना केवळ बोल्टने कसलेला गज मुख्यतः वजनच वाढवतो. शिवाय एक जागा ताठ केली की भार पुढच्या अशक्त जागी सरकतो: 1979 पासूनच्या फॉक्स तळाच्या मस्टँगमध्ये मागच्या भुजा ज्या पेट्यांत बसतात, त्यांचे बिंदू-वेल्ड चिकट टायर आणि वाढीव इंजिन यांच्या ओढीने उपटून येतात, आणि तिथे जाड पत्र्याचे तुकडे चढवावे लागतात.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे केबिनच्या आत त्रिकोणांनी सांधलेला नळ्यांचा पिंजरा. तो वेढतो ते क्षेत्र तळाच्या कुठल्याही गजापेक्षा कितीतरी मोठे असल्याने ब्रेट यांच्या सूत्राचा पुरेपूर लाभ त्यालाच मिळतो. अमेरिकेतील एनएचआरए या संस्थेच्या ड्रॅग शर्यतीत जुन्या घडणीच्या मोटारीने पाव मैल 9.99 सेकंदांत किंवा त्याहून लवकर पार केला की असा पिंजरा सुरक्षेसाठी सक्तीचा होतो. बंद छपराच्या मोटारीला साधी रोल बार, म्हणजे आसनामागची नळीची कमान, 11.49 सेकंदांपासून लागते, उघड्या टपाच्या मोटारीला मात्र 13.49 पासूनच.