आपण कोणातले?

मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा म्हणून सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. वसईचा किल्ला, चिमाजी अप्पा आणि संत गोन्साल गार्सिया यांवर कोणी ना कोणी लिहितेच. मग वाटले, जो इतिहास आपल्या घरांत अजून नांदतो आहे आणि ज्याविषयी आपण भगिनी चारचौघींत बोलत नाही, त्यावरच का लिहू नये? आपल्या कॅथलिक घराण्यांचा मोठेपणा आणि त्यापायी चाललेली तुलना, हा तो इतिहास होय.

१९६८ साली माझ्या थोरल्या बहिणीला एक स्थळ सांगून आले. ती मुंबईत परिचारिका होती. मुलगाही मुंबईतच नोकरीला, घर मात्र गोव्यातल्या साष्टीचे. (मुंबईजवळही एक साष्टी आहे, तिच्याशी याचा संबंध नाही.) दोन्हीकडची माणसे एकाच धर्माची, तेव्हा अडचण ती कसली, असे आम्हा धाकट्यांना वाटे. पाहुणे आले, चहा झाला, आणि मुलाच्या आत्याबाईंनी हळूच विचारले, "तुम्ही मूळचे कोणातले?" आमची आजी ताठ बसून म्हणाली, "आम्ही सामवेदी. आणि आपण?" ते लग्न झाले नाही. पुढे कितीतरी वर्षे मी मनातल्या मनात त्या आत्याबाईंनाच दोष देत आले.

हा प्रश्न आला कोठून, याचा शोध मी उतारवयात घेऊ लागले. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोनशे वर्षांत येथील पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. पण बहुधा एकटादुकटा माणूस धर्मांतर करीत नसे. कुटुंबेच्या कुटुंबे, कधी आळीच्या आळी येत. साहजिकच जुने नातेगोते, रोटीबेटीचे नियम आणि जातीचा ताठाही त्यांच्याबरोबर चर्चच्या दारातून आत आला. आडनावे पोर्तुगीज मिळाली. एकच आडनाव सामवेद्यांतही सापडे आणि वाडवळांतही. आडनावावरून माणूस कळेना, म्हणून तोंडाने विचारणे आले!

गोव्यात तर याहून नवलाची गोष्ट घडली. पोर्तुगीजांनी लोकांना बाप्तिस्मा दिला, पण मानाच्या जागा आपल्याच लोकांकरिता राखल्या. दिवाडी बेटावरील मातेउश द काश्त्रु या ब्राह्मण कुळातील तरुणाला गोव्यात गुरुदीक्षेची वाट बंद झाली, म्हणून त्याने थेट रोम गाठले. १६३७ मध्ये तेथेच त्यास बिशपपद मिळाले. गोव्याच्या अधिकाऱ्यांना ते फारसे मानवले नाही. असा अपमान ज्यांच्या वाट्यास आला, त्यांनी तरी आपल्याहून खालच्यास जवळ करावयाचे होते. पण झाले उलटेच. पोर्तुगीज उमराव ज्या भाषेत आपल्या निर्मळ रक्ताची बढाई मारीत, तीच भाषा आमच्या लोकांनी उचलली.

१७०२ मध्ये आंतोनियु जुआंव द फ्रियश या गोव्याच्या पाद्र्याने लिस्बनला एक ग्रंथ छापला. ब्राह्मण कुळे किती थोर, हे त्यात त्याने सांगितले. बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या तीन राजांपैकी एक ब्राह्मणच होता, येथपर्यंत त्याची मजल गेली. हे वाचून मला हसू आवरले नाही. पण चाड्डे मंडळींना ते हसण्यासारखे वाटले नसावे, कारण १७१३ मध्ये लेओनार्दु पाइश या दुसऱ्या पाद्र्याने लिस्बनलाच उलट ग्रंथ प्रसिद्ध केला. खरे राजवंशी आम्ही चाड्डे, क्षत्रिय. आमचाच मान पहिला, असा त्याचा दावा. दोघेही वेदीपुढे एकच प्रार्थना म्हणणारे, आणि भांडण कशाचे, तर पूर्वज कोणाचे मोठे याचे!

हे भांडण ग्रंथांतच राहिले असते तरी चालले असते. ते चर्चच्या सणांत उतरले. गोव्यातल्या काही गावांत मिरवणुकीच्या वेळी वरच्या म्हणविणाऱ्यांच्या बंधुसंघाने खांद्यावर तांबडी मुर्स घ्यावयाची आणि इतरांच्या संघाने निळी, असा रिवाज पडला. दुरून रंग पाहिला की घराणे समजे. आणि पुरुषांच्या खांद्यावरचा हा रंग टिकवावयाचा कोणी? तर घरातल्या मुलींनी, सांगितलेल्या घरीच लग्न करून.

आमच्या आजीच्या ताठ्याला मात्र आणखीही एक कारण होते. इंग्रजी अमलात मुंबई, साष्टी आणि वसई या भागांतल्या कॅथलिकांनाही 'पोर्तुगीज' म्हणत आणि नोकरीसाठी येणाऱ्या गोवेकरांनाही. आपण कंपनी सरकारची जुनी प्रजा, आपल्याला वेगळे ओळखावे, म्हणून येथल्या पुढाऱ्यांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या साली, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. राहावयाचे पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव पूर्वेचे! पण 'आम्ही गोवेकर नव्हे' हे त्या नावातून स्पष्ट झाले. माझ्या लहानपणी आजी हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणत असे.

एवढे टिपण झाल्यावर मी ते बहिणीला वाचून दाखविले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. मी म्हटले, त्या आत्याबाईंनी तुझे नुकसान केले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांच्याकडून नंतर होकाराची चिठ्ठी आली होती. आजीने ती मला दाखविली नाही. 'गोव्यात मुलगी देणार नाही,' असे तिनेच कळविले. आईने मला हे फार उशिरा सांगितले."

मला हे ठाऊक नव्हते. चाळीस-पन्नास वर्षे ज्या बाईवर मी राग धरला होता, तिने फक्त प्रश्न विचारला होता. नकार आमच्या घरातून गेला होता.

हे स्मरणिकेत घालू का, असे मी बहिणीला विचारले. ती म्हणाली, "घाल. आजीचे नाव तेवढे लिहू नकोस."