वाचा बसणे, अबोला आणि मौन

न बोलणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. एखाद्याची ‘वाचा बसते’, एखादा ‘अबोला धरतो’, एखादा मुळातच ‘घुम्या’ असतो, तर कुणी ‘मौन’ पाळतो. या चारही प्रयोगांत बाहेरून दिसणारी गोष्ट एकच, माणूस बोलत नाही. पण पहिल्यात वाचा हीच कर्ता आहे आणि माणसावर काहीतरी कोसळले आहे. दुसऱ्यात माणूस कर्ता आहे, त्याचा हेतू आहे, कदाचित हट्टही. तिसरा शब्द त्याच्या स्वभावावरच शिक्का मारतो आणि चौथा त्याला मान देतो. म्हणजे आपण कोणता शब्द निवडला यातच आपले निदान उरकलेले असते. एका मोठ्या चित्रकाराच्या बालपणाकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म 1934 साली आजच्या तलासरी तालुक्यातील धामणगावचा. पुढे ते डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर राहिले आणि मे 2018 मध्ये निधन पावले. त्यांच्या चरित्राच्या बहुतेक कथनांत एक घटना येते. सातव्या वर्षाच्या सुमारास आई गेली आणि त्या धक्क्याने मुलाचे बोलणे थांबले. पुढची काही वर्षे तो धुळीत आकृत्या काढून आपले म्हणणे सांगत असे. वारली चित्रकलेवर लिहिणारे या घटनेला बहुधा कलेच्या उगमाचे स्थान देतात आणि लगेच पुढे सरकतात. वस्तुतः थांबायला हवे ते इथेच.

ज्या वर्षी म्हसे जन्मले, त्याच 1934 साली मोरित्झ ट्रामर या स्विस बालमनोविकारतज्ज्ञाने काही ठिकाणी बोलणाऱ्या आणि काही ठिकाणी गप्प राहणाऱ्या मुलांसाठी ‘इलेक्टिव्ह म्यूटिझम’ ही संज्ञा योजली. त्याआधी 1877 मध्ये जर्मन वैद्य अडोल्फ कुसमाउल याने अशाच स्थितीला ‘अफेझिया व्हॉलंटारिया’, म्हणजे स्वेच्छेने पत्करलेली वाचाहीनता, म्हटले होते. दोन्ही नावांत मुलाची इच्छा गृहीत धरलेली आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर वैद्यकाने ‘अबोला’ हा शब्द निवडला. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानग्रंथात 1994 साली ‘इलेक्टिव्ह’च्या जागी ‘सिलेक्टिव्ह’ आले आणि 2013 च्या आवृत्तीत ही स्थिती चिंताविकारांत गणली गेली. हट्टापासून भीतीपर्यंतचा हा प्रवास करायला वैद्यकाला शतकाहून अधिक काळ लागला. आघातानंतर वाणी सर्वस्वी थांबणे ही याहून वेगळी अवस्था मानतात. तिच्याही बाबतीत संशयाचा इतिहास असाच लांब आहे.

तो इतिहास पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात दिसतो. शार्को हा चेतासंस्थेच्या विकारांचा थोर अभ्यासक. मेंदूत वा स्वरयंत्रात कोणतीही इजा न आढळता वाचा गेलेले रुग्ण त्याने 1880च्या दशकात व्याख्यानांत दाखवले आणि ती स्थिती हिस्टेरियात घातली. पहिल्या महायुद्धात असे मुके सैनिक शेकड्यांनी परतले. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात लुइस यीलँड विजेचे झटके देऊन त्यांना बोलते करीत असे आणि 1918 च्या आपल्या ग्रंथात त्याने त्याचे वर्णनही केले आहे. त्याच काळात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हा दुसरा डॉक्टर वेगळे काही नोंदवत होता. निलगिरीतील तोडा जमातीवरचा त्याचा 1906 चा ग्रंथ मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. रिव्हर्सच्या निरीक्षणानुसार वाचा जाणे, अवयव लुळे पडणे हे प्रामुख्याने साध्या शिपायांत दिसे. अधिकाऱ्यांत त्याऐवजी चिंता, निद्रानाश, दुःस्वप्ने आढळत. त्याने याचे कारण दोघांचे शिक्षण आणि जबाबदाऱ्या यांच्या भिन्नतेत शोधले. युद्ध एकच होते, पण कुणाचा ताण कोणत्या वाटेने शरीरात उतरेल हे नुसत्या स्वभावावर नव्हे, तर उतरंडीतल्या जागेवरही ठरत होते.

ही उतरंड डहाणू-तलासरीला अपरिचित नव्हती. म्हसे यांचे बालपण ज्या वर्षांत गेले त्या वर्षांत या पट्ट्यातील वारली जमीनदारांच्या शेतावर वेठ करीत होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही ‘लग्नगडी’ म्हणून बांधले जात. मालकापुढे उलट शब्द काढणे म्हणजे मार ओढवून घेणे. अशा ठिकाणी गप्प राहणे ही जगण्याची रीत होते आणि बाहेरचा माणूस तिलाच ‘अबोल स्वभाव’ समजतो. तो समज किती पोकळ होता हे 1945 ने दाखवले. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची सभा भरली, वेठीला नकार देण्याचा निर्धार झाला. 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी ठार झाले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या 1970 च्या पुस्तकात ही हकीकत विस्ताराने आली आहे. घुमे समजले गेलेले लोक बोलू लागले ते त्यांचा स्वभाव पालटला म्हणून नव्हे.

एका पोरक्या मुलाचे दुःख या सामाजिक इतिहासात विरघळवून टाकावे असे मला म्हणायचे नाही. आई गेल्याचा शोक हा आई गेल्याचाच शोक असतो. परंतु त्या मुलाचा ‘प्रकार’ ठरवण्याआधी तो कोणत्या जगात गप्प झाला हे विचारणे भाग आहे. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी. धुळीतल्या रेघा कुणीतरी वाचल्या, म्हणूनच त्यांना अर्थ राहिला. लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात, अशा समाजात तो मुलगा वाढत होता. रेषेने सांगणे तिथे नवे नव्हते. नवे होते ते एका पुरुषाने, लग्नविधीच्या बाहेर, रोजच्या रोज चित्र काढणे, आणि ते म्हसे यांनी पुढे 1970च्या दशकात केले.

त्याच सुमारास भास्कर कुलकर्णी गंजाडला आले. मधुबनीच्या स्त्रियांची चित्रे कागदावर आणण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्यामुळे म्हसे यांच्या हातालाही कागद आला. 1976 चा राष्ट्रीय पुरस्कार, 2003 मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंतासह प्रदर्शन, 2009 चा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, 2011 ची पद्मश्री असा पुढचा क्रम आहे. या कीर्तीबरोबर नवा शिक्का आला. बालपणातली वाचाहीनता आता ‘मौन’ झाली, आदिम, निरागस प्रतिभेची खूण झाली. वैद्यकाने संशय घेतला होता, कलाजगताने गौरव केला. मुलाला काय सोसावे लागले हा प्रश्न मात्र दोघांनीही मागे सारला.

साहित्याच्या वर्गात आपण पात्राचा स्वभाव सांगा असे विचारतो आणि उत्तरात चार विशेषणे घेतो. दीर्घ आजार, विशेषतः चेतासंस्थेशी निगडित आजार सोसणाऱ्या माणसाबाबत ही सवय घातक ठरते. फिट येणारा चिडखोर, कंपवाताचा रुग्ण काटेकोर, वाचा गेलेला हट्टी, अशी समीकरणे पुस्तकांत शिरली आणि घराघरांत पोचली. त्यांनी रुग्णाच्या वाट्याला आजाराखेरीज एक आरोपही दिला.

प्रत्येक मुक्या मुलातून म्हसे निर्माण होणार नाहीत, तशी अपेक्षा करणे हाही जुलूमच. आज डहाणू वा तलासरीतले एखादे मूल एकाएकी बोलेनासे झाले तर त्याचे कान तपासले पाहिजेत, डॉक्टरांकडे नेले पाहिजे, आणि तोवर बोलण्याची सक्ती न करता त्याच्या खुणा, रेघा समजून घेतल्या पाहिजेत. आजचे उपचारही सक्ती टाळून, धीराने, पायरीपायरीने बोलण्याकडे नेतात. त्या मुलाजवळ डॉक्टर नव्हता. समोरची धूळ आणि ती वाचणारी माणसे होती. त्या माणसांची नावे चरित्रांत सहसा येत नाहीत. म्हसे यांच्यावर यापुढे लिहिणाऱ्याने आईच्या मृत्यूनंतर लगेच पुरस्कारांकडे न वळता मधल्या त्या वर्षांसाठी निदान एक परिच्छेद राखून ठेवावा.