मराठी गुन्हेकथेतला समाज

मराठी रहस्यकथेचे एक मूळ पॅरिसमध्ये सापडते. एझेन स्यू यांची ‘पॅरिसची रहस्ये’ ही कादंबरी १८४२-४३ मध्ये तिथल्या एका दैनिकात क्रमशः छापली गेली. मजूर, वेश्या, सुटून आलेले कैदी तिने कथेच्या मध्यभागी आणले. पण त्यांचा उद्धार करणारा नायक मात्र वेष पालटून हिंडणारा ड्यूक होता. गरिबांच्या वस्तीत गुन्हा आणि वरच्या वर्गात त्राता ही मांडणी पुढे दीर्घकाळ टिकली. लंडनच्या जॉर्ज रेनॉल्ड्स यांनी तोच साचा घेऊन १८४४ पासून ‘लंडनची रहस्ये’ लिहिली. हिंदुस्थानात रेनॉल्ड्स अफाट वाचले गेले. मराठीत गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी त्यांच्या कादंबऱ्यांच्या आधारे लेखन केले. त्यात राजवाडे, भुयारे, कारस्थाने रंगली. गिरणगावासारख्या वस्तीला तिथे जागा मिळाली नाही.

बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथा मुंबईच्या रस्त्यावर आणली. हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाने चाळीतल्या, कारखान्यातल्या माणसाला वाचनाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांचा एक नायक काळापहाड अन्यायाने धन जमवणाऱ्यांना लुटतो, दुसरा नायक झुंजार याची पत्नी विजया त्याच्या साहसांत सोबत असते. तरीही नायक सुखवस्तू आणि सुसंस्कृतच राहिला. वाचणारा कामगार कथेत आला तो बहुधा नोकर, साक्षीदार किंवा गुंड म्हणून. पुढे सुहास शिरवळकरांनी मंदार पटवर्धनबरोबर फिरोज इराणी, दारा बुलंद अशी नावे नायकपदी बसवली आणि शहराचा मिश्र चेहरा थोडा तरी दिसू लागला.

फ्रान्समध्ये या प्रकाराने स्वतःतच बदल केला. कादंबरीकार सिमेनों यांचा पोलीस अधिकारी मेग्रे १९३१ पासून नावाडी, इमारतींच्या राखणदार बायका, छोटे दुकानदार यांच्या घरात शिरून त्यांचे ऐकू लागला. १९५८ साली तिथला गुन्हेकथेचा मोठा पुरस्कार न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीय पोलिसांची कथा लिहिणाऱ्या चेस्टर हाइम्स या अमेरिकन लेखकाला मिळाला. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिसच्या पोलिसांनी अल्जीरियन निदर्शकांची हत्या केली. ही दडपलेली घटना दिदिये देनँक्स यांनी १९८०च्या दशकात रहस्यकादंबरीतूनच उघड्यावर मांडली.

दडपलेले उघड्यावर मांडण्याचे हे काम मराठीत रहस्यकथेबाहेर झाले. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. त्यांच्यावर पोलिसांकडे हजेरी देण्याची सक्ती होती. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) ही हजेरी दिसते, आणि दुष्काळात उपाशी माणसांसाठी लूट करणारा मांग तरुण नायक होतो. इथे त्राता बाहेरून येत नाही. कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का मात्र राहिला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनात चोरी करायला भाग पाडणारी भूक आणि चौकीतला मार आतून सांगितलेला आहे. त्या पुस्तकाला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. गुन्हा, पोलीस, संशयित हे सारे या दोन्ही पुस्तकांत आहे. मराठी गुन्हेकथेच्या इतिहासात त्यांची नोंद व्हायला हवी.