लाल भात आणि चहाभात

1940 साली जपानच्या गृहखात्याने एका चित्रपटाची पटकथा अडवली. मुख्य आक्षेप होता तो तिच्यातल्या एका जेवणावर. पटकथेतल्या नवऱ्याला सैन्यात रुजू होण्याचा हुकूम येतो आणि तो निघण्यापूर्वी नवरा-बायको मिळून ओचाझुके खातात. ओचाझुके म्हणजे वाडग्यातल्या भातावर ओतलेला गरम हिरवा चहा आणि तोंडी लावायला लोणचे. रात्री उशिरा भूक लागली आणि चूल पेटवायचा कंटाळा आला, की आपल्याकडे जसा ताकभात कालवतात, त्या जातीचे हे जेवण. त्याला पाककृती म्हणणेही जड जाईल. गृहखात्याचे म्हणणे असे, की लढाईवर जाणे हा मंगल प्रसंग आहे आणि मंगल प्रसंगी जपानी घरात सेकिहान शिजतो. सेकिहान म्हणजे अझुकी नावाचे लाल कडधान्य घालून वाफवलेला चिकट तांदळाचा लाल भात. बारसे, लग्न, सण, सगळीकडे तो लागतो. सम्राटासाठी लढायला निघालेल्या माणसाला बायकोने चहाभात वाढावा, हे अधिकाऱ्यांना थिल्लर वाटले.

पटकथा यासुजिरो ओझू आणि तादाओ इकेदा यांनी लिहिली होती. ओझूने लाल भात शिजवायला नकार दिला आणि पटकथा बासनात गेली. बारा वर्षांनी, युद्ध हरून झाल्यावर आणि अमेरिकी ताबाही संपल्यावर, ती कोगो नोदा या त्याच्या जुन्या सहलेखकाबरोबर त्याने पुन्हा लिहिली. 1 ऑक्टोबर 1952 रोजी तो चित्रपट प्रदर्शित झाला. नाव तेच राहिले होते: ‘ओचाझुके नो आजी’, म्हणजे चहाभाताची चव.

ओझूवरच्या लेखनात ही हकिकत सहसा सेन्सॉरच्या मूर्खपणाचा एक किस्सा म्हणून येते. वाचक हसतो आणि पुढे जातो. माझे मत वेगळे आहे. त्या अधिकाऱ्यांना पटकथा अगदी नीट कळली होती, कदाचित नंतरच्या पुष्कळ समीक्षकांपेक्षाही जास्त नीट.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मार्च 1937 मध्ये ओझूचा ‘बाईसाहेब काय विसरल्या?’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट आला होता. तोही मध्यमवयीन जोडप्याचाच. वैद्यकशास्त्राचा प्राध्यापक नवरा, त्याच्यावर हुकमत गाजवणारी बायको आणि ओसाकाहून आलेली, सिगारेट ओढणारी, आगाऊ भाची. गोल्फला जातो असे सांगून नवरा घराबाहेर राहतो, ते उघडकीला येते, आणि शेवटी तो बायकोच्या एक थोबाडीत देतो. त्यावर बायको चक्क खूश होते आणि मैत्रिणींना तिचा हेवा वाटतो! आज हा शेवट पाहवत नाही. पण तो मनात ठेवावा लागतो, कारण पुढच्या पटकथेत तेच घर, तीच हुकमत आणि तीच भाची परत येतात. थोबाडीत मात्र येत नाही. तिच्या जागी वाडगा येतो.

मधल्या काळात काय घडले? सप्टेंबर 1937 मध्ये ओझूला सैन्यात बोलावणे आले. विषारी वायूच्या युद्धासाठी उभारलेल्या तुकडीतून तो चीनमध्ये गेला आणि 1939 च्या उन्हाळ्यात परतला. त्याचा तरुण मित्र सादाओ यामानाका हा त्या पिढीतला फार मोठ्या ताकदीचा दिग्दर्शक. तो सप्टेंबर 1938 मध्ये चीनमध्येच आमांशाने गेला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. म्हणजे ‘नवऱ्याला बोलावणे येते’ हे वाक्य ओझूने लिहिले, तेव्हा बोलावणे म्हणजे काय ते त्याला ठाऊक होते.

इकडे देशात 1939 सालीच चित्रपट कायदा आला होता. नाझी जर्मनीच्या धर्तीवरचा हा कायदा. चित्रीकरणाआधी पटकथा मंजूर करून घेणे त्याने सक्तीचे केले. पण मला चित्रपट कायद्याहून बोलकी वाटते ती डब्याची गोष्ट. त्याच सप्टेंबरपासून प्रत्येक महिन्याची पहिली तारीख राष्ट्रसेवेचा दिवस ठरवण्यात आली. त्या दिवशी दारू बंद, चैन बंद, आणि डब्यात पांढऱ्या भाताच्या मधोमध फक्त एक लाल, खारवलेला उमे. डबा उघडला की जपानचा झेंडा दिसला पाहिजे! राज्यसंस्था जेवणाच्या डब्यापर्यंत पोहोचली होती. तिने नवरा-बायकोच्या पानातही डोकावले, यात नवल कसले?

(त्याच 1940 साली आपल्याकडे मास्टर विनायक यांनी चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना ‘लग्न पहावे करून’मध्ये पडद्यावर आणले. आपला ब्रिटिश सेन्सॉर गांधी टोपी आणि चरखा हुडकण्यात गुंतलेला असे; पंगतीत काय वाढले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. परकी सत्ता आणि आपलीच सत्ता यांच्या पाळतीत हा एक फरक असतो.)

आता त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून पटकथा वाचून पाहा. लाल भात हे चारचौघांचे जेवण आहे. शेजारीपाजारी, नातेवाईक, निरोपाचे झेंडे, सगळे त्यात येतात. लाल भात खाणारा माणूस घरातून निघण्यापूर्वीच देशाचा झालेला असतो. चहाभाताला पाहुणा चालत नाही. तो दोघांनी, दार लावून, बाकी सगळे झोपल्यावर खायचा. शेवटच्या रात्री हे जोडपे चहाभात खाते, तेव्हा ती रात्र ते सम्राटाला देत नाही; स्वतःकडे ठेवून घेते. पटकथेत युद्धाविरुद्ध चकार शब्द असायची गरजच नव्हती. वर्षानुवर्षे एकमेकांना कंटाळलेली दोन माणसे नेमकी त्या रात्री एकमेकांची होतात, आणि सरकारला तर त्या रात्री नवऱ्याने सरकारचे व्हायला हवे होते. अधिकाऱ्यांनी बरोबर बोट ठेवले.

1952 च्या चित्रपटात युद्ध उरले नाही. नवरा मोकिची हा एका कंपनीतला वरिष्ठ अधिकारी. त्याला कामासाठी दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेला जायचे आहे. शिन साबुरीने तो जाडजूड शांतपणे केला आहे. बायको ताएको, म्हणजे मिचियो कोगुरे, श्रीमंत घरातली. लग्न ठरवून झालेले, मूलबाळ नाही. भांडायलाही विषय नाही, अशी अवस्था. ती आजारपणाची थाप मारून मैत्रिणींबरोबर शुझेन्जीच्या गरम झऱ्यांवर जाते आणि तिथल्या तळ्यातल्या एका सुस्त माशाला नवऱ्याचे नाव देते: ‘डोनकान-सान’. मराठीत ‘मठ्ठराव’ म्हणता येईल. मैत्रिणी खो खो हसतात. आपणही हसतो, आणि थोड्या वेळाने ते हसू आपल्याला टोचायला लागते, कारण मठ्ठरावाला थापा कळत असतात. तो बोलत नाही एवढेच.

भाची सेत्सुको इथेही आहे. तिच्यासाठी काबुकी नाट्यगृहात बघण्याचा कार्यक्रम ठरतो आणि ती तिथून पळून थेट मोकिचीकडे येते. या जोडप्याचा ठरवून केलेला संसार समोर दिसत असताना तिला तसला संसार नको आहे. हा युक्तिवाद ताएकोला झोंबतो, कारण त्याला तिच्यापाशी उत्तर नाही.

भांडण पेटते तेही भातावरूनच. एके दिवशी जेवताना मोकिची वाडग्यातल्या भातावर सूप ओतून भुरकतो. नागानोकडच्या खेडवळ वळणाची ही सवय ताएकोला किळसवाणी वाटते. मग मोकिची, बहुधा पहिल्यांदाच, जरा लांब बोलतो: मला आगगाडीचा तिसरा वर्ग आवडतो, स्वस्तातली सिगारेट आवडते, जिथे अवघडून बसावे लागत नाही ते मला आवडते. ती उठून जाते, आणि पुढे न सांगता सुमाला निघून जाते. उरुग्वेचे विमान ठरते, तार जाते, ती येत नाही. हानेदा विमानतळावर सगळे निरोपाला हजर, बायको नाही.

उरुग्वे हा या चित्रपटातला कच्चा सांधा आहे, हे मान्य केले पाहिजे. रणांगणावर जाणारा नवरा आणि कंपनीच्या कामाला जाणारा नवरा यांच्या निरोपाचे वजन एक नव्हे. स्वतः ओझूही या चित्रपटावर फारसा खूश नव्हता. आठच दिवसांनी, 9 ऑक्टोबरला, कुरोसावाचा ‘इकिरू’ आला. मध्यमवयाच्या पलीकडे गेलेल्या आणि मृत्यू दारात उभ्या असलेल्या एका कारकुनाची ती गोष्ट. वर्षाचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून तीच गौरवली गेली. तिच्याशेजारी चहाभात फिकाच वाटला असणार.

पण युद्ध खरोखर गेले होते का? चित्रपटाच्या मध्यावर मोकिची नोबोरु या तरुणाबरोबर पाचिंको खेळायला जातो. युद्धानंतरच्या जपानमध्ये बोकाळलेला हा लोखंडी गोळ्यांचा जुगारवजा खेळ. दुकानाचा मालक त्याला ओळखतो; तो मोकिचीच्या हाताखालचा जुना सैनिक निघतो. चिशू ऱ्यूने केलेला हा माणूस दोघांना आत नेतो, पाजतो, सिंगापूरच्या दिवसांची आठवण काढतो, तिथल्या आभाळातल्या ताऱ्यांविषयी बोलतो आणि त्या काळचे एक गाणे म्हणतो. मोकिची खाली मान घालून ऐकतो. कथानकाला या प्रसंगाची काडीची गरज नाही. तरी तो आहे, आणि सावकाश आहे. मठ्ठरावाच्या गप्प बसण्यामागे काय काय असू शकते, याचा अंदाज ताएकोला नाही. आपल्याला या एका प्रसंगातून येतो.

सिंगापूर हे नाव ओझूने सहज घातलेले नाही. 1943 मध्ये लष्कराने त्याला तिथे पाठवले होते, चित्रपट करायला. आधी ब्रह्मदेशातल्या मोहिमेवरचा एक बेत होता. तो रद्द झाल्यावर त्याच्याकडे आले ते काम आपल्या ओळखीचे आहे: सुभाषचंद्र बोस आणि आझाद हिंद सेना. ‘चलो दिल्ली’च्या घोषणेभोवतीचा तो चित्रपट पुरा झाला नाही. ओझूने सिंगापुरात वेळ घालवला तो जप्त केलेले अमेरिकी चित्रपट पाहण्यात. ‘सिटिझन केन’ त्याने तिथेच पाहिला. पराभवानंतर तो युद्धबंद्यांच्या छावणीत राहिला आणि 1946 च्या सुरुवातीला घरी आला. घर म्हणजे आई. त्याने स्वतः लग्न केले नाही. नवरा-बायकोच्या अबोल्यातले इतके बारकावे त्याने कुठे वेचले, असा प्रश्न नेहमी पडतो.

आणि मग ती रात्र. विमान बिघाडामुळे परत फिरते. मोकिची अपरात्री घरी येतो, तर ताएको परतलेली आहे. त्याला भूक लागली आहे. मोलकरणीला उठवायचे नाही असे ठरते आणि दोघे स्वयंपाकघरात शिरतात. इथे ओझूची खरी करामत आहे: इतक्या वर्षांच्या संसारात या घरच्या मालकिणीला भात कुठे ठेवतात ते माहीत नाही. झाकणे उचलून पाहतात, कपाटे उघडतात, आपल्याच घरात चोरांसारखे हळू बोलतात. ती कोंड्यातले लोणचे काढते, तेव्हा तिच्या किमोनोची बाही भिजू नये म्हणून तो ती धरून उभा राहतो. नंतर ती स्वतःच्या हाताला येणारा लोणच्याचा वास घेते, त्यालाही घ्यायला लावते. मग भातावर चहा. बाहीच्या त्या टोकाएवढा स्पर्श या जोडप्यात आपण आधी पाहिलेला नसतो. संसार या चहाभातासारखाच असतो, असे मोकिची म्हणतो, ते वाक्य नसते तरी चालले असते.

क्षमा ताएको मागते, मोकिचीला काहीच मागावी लागत नाही. याबद्दल आजच्या वाचक स्त्रियांनी कपाळाला आठी घातली तर ती योग्यच आहे. 1937 च्या थोबाडीपासून 1952 च्या बाहीपर्यंत ओझू पुष्कळ चालून आला होता, पण समजूतदारपणाचे माप त्याने अजूनही नवऱ्याच्याच पारड्यात जास्त टाकले आहे.

दहा वर्षांनी, शेवटच्या चित्रपटात, ओझूने चिशू ऱ्यूला पुन्हा एका जुन्या सैनिकासमोर बसवले. या वेळी अधिकारी ऱ्यू आहे. आपण जिंकलो असतो तर काय झाले असते, असे तो सैनिक मद्यालयात विचारतो, आणि ऱ्यू हसून सांगतो, की हरलो तेच बरे झाले. 1952 मध्ये हे वाक्य कुणी उच्चारत नाही. त्याऐवजी उरुग्वेचे विमान इंजिनातल्या बिघाडाने माघारी येते. 1940 च्या पटकथेत तसे माघारी येणारे वाहन नव्हते. चीनकडे निघालेला माणूस इंजिन बिघडले म्हणून रात्री घरी परतत नसे. पुढच्या प्रसंगात ताएको मैत्रिणींना आणि भाचीला त्या रात्रीबद्दल सांगते, सांगता सांगता डोळे पुसते. मोकिची तेव्हा उरुग्वेला गेलेला असतो, आणि काम संपले की तो परत येणार असतो.