अर्दली, कर्नल आणि पॅरामीटर

'कर्नल' हा शब्द मराठीत कसा आला असेल, याचा कधी विचार केलाय? इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांपुढे ठेवून कुणी तो देवनागरीत उतरवला असता तर आज आपण 'कोलोनेल' म्हणालो असतो. स्पेलिंगमध्ये त्या जागी 'र' नाहीच मुळी. म्हणजे हा शब्द ज्याने पहिल्यांदा उचलला त्याने तो वाचला नव्हता, ऐकला होता. तीच गोष्ट 'लेफ्टनंट'ची. त्यातला 'फ' स्पेलिंगमध्ये शोधून सापडणार नाही, तो ब्रिटिश तोंडात आहे. 'ऑर्डर्ली'चा 'अर्दली' झाला, कारण साहेब पहिल्या अक्षरावर जोर देऊन मधलं अक्षर गिळायचा. 'रिक्रूट'चा 'रंगरूट' झाला. सुरुवात पार बदलली, पण जिथे जोर आहे तो 'रूट' शाबूत राहिला. आणि रात्रीच्या पहाऱ्यावरचा 'हू कम्स देअर' हा सवाल शिपायांच्या तोंडी 'हुकुमदार' होऊन बसला.

माझं आजोळ कुडपण. पोलादपूर तालुक्यातलं, प्रतापगडाच्या बाजूला सह्याद्रीत उंचावर बसलेलं गाव, शेलारमामांचं गाव म्हणून ओळखलं जातं. (पावसात एकदा जाऊन बघा. ढग घरात येतो म्हणजे काय ते कळेल.) आईचे वडील पलटणीत होते. आजोबांची शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी वाचता येत नसे. पण 'रंगरूट', 'अर्दली', 'कर्नल साहेब' हे शब्द त्यांच्या तोंडून असे खणखणीत येत की बस! त्यांच्यासारखे फौजी महाड-पोलादपूर पट्ट्यात कमी नाहीत. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्याच्या तर नावातच फौज आहे. या लोकांकडे इंग्रजी आलं ते कानाने.

आपल्याकडे ते आलं डोळ्यांनी. आज मला याच दोन वाटांबद्दल लिहायचंय.

डोळ्यांची वाट मुंबईत १९व्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, मिशनऱ्यांच्या शाळा, १८३२ सालचं बाळशास्त्री जांभेकरांचं इंग्रजी-मराठी 'दर्पण', मग १८५७ साली मुंबई विद्यापीठ. अगदी सुरुवातीच्या मुलांना निदान समोर गोरा मास्तर तरी होता. (तोही पुष्कळदा स्कॉटिश. १८२९ साली मुंबईत आलेले जॉन विल्सन स्कॉटलंडचे. तेव्हा ज्याला आपण 'क्वीन्स इंग्लिश' समजतो ते त्या पोरांच्या कानावर कितपत पडलं, देव जाणे.) पण शाळा गावोगाव पोचल्या तसा गोरा मास्तर मागे पडला आणि पुस्तक पुढे गेलं. तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांवर पिढ्या वाढल्या. वाक्य घ्या, मराठी करा, पुन्हा इंग्रजी करा. व्याकरण पक्कं होण्यासाठी याहून कडक तालीम मला माहीत नाही. नंतरच्या काळात गाईडं आली, त्यात इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार छापलेला असे. वाघिणीचं दूध, पण दुधाच्या पावडरीतून :-)

त्या देवनागरीतच खरी मेख आहे. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते असा आपल्याला सार्थ अभिमान असतो. इंग्रजीसाठी तिने जागाही करून दिली. 'बॅट'मधला ॲ आणि 'बॉल'मधला ऑ आपण इंग्रजी शब्दांकरता घेतले, आणि २००९ च्या शासन निर्णयाने ते वर्णमालेतही रीतसर बसले. म्हणजे आवाज आले. जोर मात्र आला नाही! शब्दातल्या कुठल्या अक्षरावर आघात आणि कुठलं अक्षर गिळायचं, हे दाखवायला रोजच्या देवनागरीत काही सोयच नाही. त्यामुळे 'फोटोग्राफर' लिहिलं की फो, टो, ग्रा, फर हे चौघेही सारख्या मानाने पंगतीला बसतात. साहेबाच्या तोंडात तो शब्द 'फटॉग्रफर'च्या जवळचा आहे. 'टॉ' एकटा यजमान, बाकीचे पाणी वाढायला.

गंमत म्हणजे ते पुसट अक्षर आपल्याला परकं नाही. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारा स्वर हा आपल्या 'अ'चा सख्खा शेजारी आहे. आणि अक्षर गिळणं तर आपण रोज करतो. 'करमणूक' लिहितो, 'करम्णूक' म्हणतो. त्याचा नियम शाळेत कुणी शिकवला नव्हता, आईच्या तोंडून ऐकून आला. इंग्रजीत मात्र स्पेलिंगमध्ये 'ओ' दिसला की ओ आणि 'ए' दिसला की आ किंवा ए, हा हिशेब आपण प्रामाणिकपणे पाळतो. फार प्रामाणिकपणे.

लयीचंही तेच. आपले कान लघु-गुरूवर तयार झालेत. दीर्घ स्वर असेल किंवा पुढे जोडाक्षर असेल तर गुरू, नाहीतर लघु. अक्षराकडे बघून मात्रा मोजता येतात. इंग्रजीत वजन अक्षरात दिसत नाही, बोलण्यातल्या ठोक्यात असतं. ही तीन वाक्यं टेबलावर बोटाने ताल धरून मोठ्याने म्हणा (ऑफिसात असाल तर मनात) :

बॉईज फिक्स बग्ज.
द बॉईज विल फिक्स द बग्ज.
द बॉईज विल हॅव बीन फिक्सिंग द बग्ज.

तिन्हींत ठोके तीनच : बॉईज, फिक्स, बग्ज. तिसऱ्या वाक्यातले 'विल हॅव बीन' दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत कोंबायचे असतात, मुंबई लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसतात तसे. आपण त्या प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची देतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४५ साली या दोन प्रकारच्या लयींना नावं दिली, आघाताने चालणारी आणि अवयवाने चालणारी. पुढे लोकांनी यंत्रांवर मोजलं तेव्हा ठोक्यांमधलं अंतर इतकं काटेकोर समान निघालं नाही. पण कानाला होणारा भास खरा आहे.

आता यात बिघडतं काय? आपापसात काहीच नाही. पण परक्या कानांचं मोजमाप झालेलं आहे आणि त्याच्या गोष्टीत आमच्या महाडचा एक माणूस बसतो. चिंतामणराव देशमुख, जन्म १८९६, गाव नाते, महाडजवळ, रायगडाच्या वाटेवर. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, पुढे केंब्रिज, १९१८ च्या आयसीएसला पुन्हा पहिले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा माणूस, म्हणजे लघु-गुरू रक्तातच. ते १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, आणि याच काळात, १९५८ साली, हैदराबादला इंग्रजी शिकवणाऱ्यांना शिकवणारी केंद्रीय संस्था सुरू झाली. तिथे ध्वनिशास्त्राकडे गांभीर्याने बघितलं गेलं. तिथल्या आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी परक्या श्रोत्यांना ऐकवून किती कळतं ते मोजलं. हा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटिश श्रोत्यांना आपलं सलग बोलणं सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास कळलं. आणि अडलं कुठे? व्याकरणात नाही. शब्दातल्या चुकीच्या जागी पडलेला आघात हे मोठं कारण निघालं.

म्हणजे ही गोष्ट निदान १९६९ पासून आपल्याला माहीत आहे. शाळेपर्यंत ती पोचली नाही, एवढंच.

माझ्या मामेभावाचं सांगतो. कुडपणचा पोरगा, महाडला बीएस्सी केलं, पुण्यात एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला. लेखी उत्तम. शेवटच्या फेरीत नापास, आणि कारण तोंडी सांगितलं : एमटीआय जास्त आहे. एमटीआय म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स. २००० च्या दशकात कॉल सेंटरं आली तेव्हापासून एचआरच्या तोंडी रुळलेला शब्द. मला त्या रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, आईच्या भाषेचा वास येतो म्हणून नापास करतात होय?" मी काय बोलणार? शब्दच तसा बनवलाय. जणू मातृभाषा हा ताप आहे आणि थर्मामीटर लावून किती चढलाय ते बघायचं.

मग मी त्याचं बोलणं रेकॉर्ड करून तीन-चार वेळा ऐकलं. त्याचा 'थ' मराठी होता, 'व' एकच होता, 'ट' आणि 'ड' आपले जाडजूड. यातलं काहीच समजायच्या आड येत नव्हतं. आड येत होते ते 'डेव्हलप' आणि 'पॅरामीटर'. 'डेव्हलप'मध्ये तो जोर 'डे'वर द्यायचा, हवा मधल्या अक्षरावर. 'पॅरामीटर' साहेबाच्या कानाला 'परॅमिटर' असा लागतो. आपल्या ऑफिसातले निम्मे लोक हेच म्हणतात, आणि आम्ही एकमेकांना समजतो म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. ट्रेनिंगवाले मात्र तासन् तास जीभ दातांत धरून 'थ' घोकायला लावतात. सोपं दिसतं ना ते शिकवायला!

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली मांडलं की दोघेही परभाषक असतील तर शब्दातल्या आघाताचा एवढा बाऊ नको, वाक्यातला मुख्य ठोका बरोबर जागी पडला की पुरे. माझा अनुभव याला दुजोरा देतो. वॉर्साच्या टीमला माझं पहिल्या फटक्यात कळतं, टेक्सासच्या मॅनेजरला दुसऱ्या. तेव्हा नोकरीत कुणाशी बोलायचंय ते बघून ठरवा. सगळ्यांनी अमेरिकन व्हावं, असं मी म्हणत नाहीये.

बाबासाहेबांची १९५५ सालची बीबीसीची मुलाखत ऐकलीत का? जरूर ऐका. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत हेडमास्तर. त्यांनी भीमाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकर घोकून घेतले. म्हणजे घरात कानाची वाट आणि डोळ्यांची वाट दोन्ही. पुढे कोलंबिया, लंडन. आणि तरीही १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर उभा राहिलेला हा माणूस इंग्रजी बोलतो तेव्हा मराठी लपत नाही, त्यांनी लपवलेलीही नाही. एमटीआय म्हणाल तर भरपूर. आणि एकही वाक्य दुसऱ्यांदा ऐकावं लागत नाही, कारण जिथे म्हणणं आहे नेमका तिथे ते ठोका देतात.

माझी पिढी जून २००० नंतरची, महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं त्यानंतर शाळेत गेलेली. मामाला पाचवीपासून होतं. चार वर्षं वाढली, पण वाट पुष्कळदा तीच राहिली : फळ्यावर शब्द, खाली देवनागरी. कानाचा विचार करणारे लोक नव्हते असं नाही. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने 'वुई लर्न इंग्लिश' हा रेडिओ कार्यक्रम केला, तो आकाशवाणीवरून लागायचा. बाई आणि मुलं दोघंही एकत्र ऐकायची आणि मध्येच उत्तरं द्यायची. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो. मास्तरांना घाईघाईने साहेब बनवण्यापेक्षा वर्गात एक आवाज आणून ठेवला.

असो. मामेभावासाठी मी एक देशी तोडगा काढलाय. देवनागरीला जोराची खूण माहीत नाही असं वर म्हटलं, ते रोजच्या देवनागरीबद्दल. वेदांच्या छापील पोथ्या उघडून बघा, अक्षरांच्या वर उभ्या आणि खाली आडव्या रेघा दिसतील. त्या स्वराच्या चढउताराच्या, म्हणजे आघाताच्या चुलत घराण्यातल्या. युनिकोडने त्या जपून ठेवल्यात, ०९५१ आणि ०९५२ या क्रमांकांवर. आमची शेअर केलेली एक्सेल शीट आहे, त्यात तो रोज दहा शब्द घालतो, आधी डिक्शनरी ॲपवर तीनदा ऐकून, स्पेलिंग न बघता. जोराच्या अक्षरावर उभी रेघ : डिवे॑लप, परॅ॑मिटर, कमि॑टी, इवे॑न्ट, होटे॑ल. काल रात्री एकशे चाळिसावी ओळ भरली होती : क॑र्नल. शेजारी त्याने लिहिलंय, "हा आजोबांना येत होता."